अंकुरच्या हातची ट्रॉली

"पाईप तेच आणा," भानुमती म्हणाली. "अंकुरने आणले होते तेच. जास्त चांगले वगैरे घेऊ नका."

वासुदेवराव लोहा मंडीला निघाले होते. चप्पल सरकवत त्यांनी मान हलवली. मुलाने बनवलेली ट्रॉली पुन्हा बनवायची, तर ती जशीच्या तशी व्हायला हवी होती. त्याच्या चुकांसकट. चुका असल्याच तर.

असणारच, असं सुदामा नगरातल्या त्यांच्या अख्ख्या गल्लीचं मत होतं. घराशेजारच्या मोकळ्या प्लॉटवर अंकुरने स्वतःच्या हाताने हायड्रॉलिक ट्रॉली बनवली होती. गुढीपाडव्याला ती पहिल्यांदा कामाला निघायची होती, त्याच दिवशी तिचा वर उचललेला हौदा खाली आला. अंकुर हौद्याखाली होता. लोक हळहळले, तेराव्याला जेवले आणि जाता जाता म्हणाले, असले उद्योग घरी करायचे नसतात. सगळ्यात मोठ्याने म्हणाला तो भानुमतीचा धाकटा भाऊ बाळकृष्ण. त्याचं स्वतःचं फॅब्रिकेशनचं दुकान, तेव्हा त्याच्या शब्दाला वजन.

"जॅकचं सील कच्चं राहिलं असणार, ताई. तेल उतरलं, हौदा आला. पोरगा गुणी होता, पर काम तो काम है ना."

ती ट्रॉली अशुभ म्हणून आठवड्याच्या आत त्यानेच भंगारात घातली.

भानुमती त्यानंतर रडली कमी, भांडली जास्त. "माझा पोरगा गेला तो गेला. पण स्वतःच्या कच्च्या कामाने गेला, हे मी ऐकून घेणार नाही. तुम्ही बनवा, अहो. तश्शीच बनवा. बघू दे सगळ्यांना."

वासुदेवरावांचं आयुष्य कारखान्यात फिटर म्हणून गेलं होतं. अंकुरच्या मोबाईलमध्ये ट्रॉलीचे फोटो होते. ते बघत बघत त्यांनी काम सुरू केलं. मुलाच्या वेल्डिंगचे टाके झूम करून पाहताना कधी कधी त्यांना पुढचं दिसेनासं व्हायचं. मग ते चष्मा पुसायचे आणि पुन्हा बसायचे.

यंत्र साधंच होतं. हातपंप मारला की तेल जॅकमध्ये जायचं आणि हौदा वर. पंपाशेजारची लाल मुठीची दांडी खाली केली की तेल परत टाकीत आणि हौदा खाली. एक नट कसायला अंकुर मिनिटभर आत शिरला होता, टेकू न लावता. ती चूक त्याची होतीच, वासुदेवराव ते नाकारत नव्हते. पण दोन क्विंटल लोखंड आपोआप खाली का यावं? दांडीचं काय झालं होतं ते आता कळायला मार्ग नव्हता. हौदा उचलायला गल्लीतले दहा जण धावले होते, कुणी काय ओढलं कुणालाच आठवत नव्हतं.

"हार घातला होता रे मी," भानुमती देवघरापुढे बसून देवाशीच भांडायची. "हार घालून नारळ आणायला आत वळले, तेवढ्यात नेलंस. त्या हाराची तरी लाज ठेवायचीस."

या घरात लोखंडाला हार घातल्याशिवाय कामाला लावत नसत. वासुदेवरावांचे पणजोबा होळकरांच्या फौजेत होते. त्यांची तलवार दसऱ्याला पाटावर बसायची आणि तिच्या शेजारी अंकुरचा ग्राइंडर. हार बांधायचा मान भानुमतीचा. हार गळून पडला तर अपशकुन, म्हणून ती गाठ अशी ओढायची की नंतर सुतळी कापावी लागे. अंकुर चिडवायचा, "आई, तलवारीचा गला घोंटशील एक दिवस!"

ट्रॉली तयार व्हायला दिवाळी उलटली. भानुमतीने भावाला मुद्दाम बोलावून घेतलं.

सकाळीच हौद्यात वाळूची पोती भरली. मागची फळी लावली. वासुदेवरावांनी पंप मारून हौदा पूर्ण वर नेला आणि जॅकच्या चकचकीत सळईवर खडूने खूण केली. टेकू लावला नाही. हौद्याखाली कुणी जायचं नाही, एवढंच बजावलं.

बाळकृष्ण पोहे खाऊन आला, खूण बघून गेला. जेवून आला, पुन्हा बघून गेला. ऊन कलायला लागलं तरी खूण केसभरही सरकली नव्हती.

शेवटी त्याने सळईवरून बोट फिरवलं. बोट कोरडंच होतं.

"मान लिया, ताई," तो म्हणाला. "पोराचं काम एकदम पक्कं होतं. मीच गलत बोललो. गल्लीत सगळ्यांना सांगतो मी." आणि तोंड धुवायला म्हणून तो घरात गेला.

भानुमती हसली. पाडव्यानंतर पहिल्यांदाच. ते हसू बघून वासुदेवरावांना इतके महिने केलेल्या कामाचं चीज झाल्यासारखं वाटलं.

"थांबा, पूजा करते हिची," ती म्हणाली. "त्या दिवशी अर्धीच राहिली."

ती पूजेचं ताट घेऊन आली. चाकाला हळदकुंकू लावलं. मग झेंडूचा हार उचलला. हौद्याची कड उंच गेलेली, तिचा हात पोचेना. हाताशी होती ती लाल मूठ. तिने हार मुठीला अडकवला, सुतळीची गाठ मारली आणि सवयीने खाली घट्ट ओढली.

"अगंबाई, नारळ आतच राहिला," म्हणत ती घराकडे वळली.

वासुदेवराव जागचे हलले नाहीत. खडूची खूण जॅकच्या आत गेली. पोत्यांसकट हौदा सावकाश, आवाज न करता खाली आला आणि चौकटीवर टेकला.

ते हाराजवळ गेले. गाठ सुटेना. त्यांनी दातांनी सुतळी तोडली, दांडी वर केली आणि हार हौद्याच्या कडेवर नेऊन ठेवला. कड आता हाताशी होती.

भानुमती नारळ घेऊन आली. मागून बाळकृष्ण आला. दोघंही जागच्या जागी थांबले.

"अहो," भानुमती म्हणाली, "हा खाली कसा आला?"

"आपोआप आला, भानू," वासुदेवराव म्हणाले. "बाळकृष्णाचंच खरं होतं. अंकुरचं काम कच्चं होतं."