बुजवलेलं दार

कूलर चालू होता आणि भिंतींना घाम सुटला होता. नामाजीनं तळहात टेकवून पाहिला, तर मातीचा ओलसर गिलावा हाताला चिकटून आला. खोलीत ओल्या घोंगडीसारखा वास कोंडला होता. चार महिन्यांची नात झोळीत एकसारखी कुरकुरत होती. मोठ्यानं रडायचं त्राणही तिच्यात उरलं नव्हतं. मानेवर, काखेत, पाठीवर घामोळं फुटून लाल चट्टे पडले होते.

मृग लागला होता. साखरा गावावर रोज आभाळ भरून यायचं, दिवसभर उकडायचं आणि थेंब न टाकता ढग निघून जायचे. कोरड्या वैशाखात ह्याच कूलरनं घर गार ठेवलं होतं. आता तो घरात नुसती ओल भरत होता. बंद केला तर अंगाची लाहीलाही व्हायची, चालू ठेवला तर जीव गुदमरायचा. नामाजीनं वर मातीच्या माळवदावर कापसाच्या पऱ्हाट्या पसरून त्यांवर पाणी मारलं. दाराला ओलं गोणपाट टांगलं, काढलं, पुन्हा टांगलं. त्याला एका जागी बसवत नव्हतं. दारापर्यंत जायचा, परत यायचा, झोळीत डोकावायचा.

त्याची सून रागिणी सकाळीच पोरीला सेनगावच्या दवाखान्यात दाखवून आली होती. नवरा प्रभू पुण्यात कंपनीत, त्यामुळे धावपळ तिच्याच माथी. ताप उकाड्यानं आलाय, औषध देतो, पण लेकराला हवेशीर जागेत ठेवा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

आता ती पिशवी भरत होती.

"मामा, मी कुरुंद्याला जाते," ती सासऱ्याला म्हणाली. "माहेरी पत्र्याचं घर हाय, तापतं. पण समोरासमोर खिडक्या हाईत. वारं तरी फिरतं."

"एवढ्या उकाड्यात? तापल्या लेकराला एसटीत घालून?"

"मग इथं काय करू?" रागिणीनं मान वर केली नाही. "इथं वारं यायला एक दार हाय. जायला कुठं हाय?"

नामाजीची बायको कौशल्याबाई झोळीशी बसून पदरानं वारा घालत होती. तिनं मागच्या भिंतीकडे पाहिलं.

नामाजीच्या बापानं हे घर बांधलं तेव्हा ते आरपार होतं. मृगाच्या सुमाराला पश्चिमेचं वारं परसदारातून शिरायचं आणि थेट पुढच्या अंगणात निघायचं. बापामागं घराच्या वाटण्या झाल्या. पुढचा भाग नामाजीला आला, मागचा धाकट्या पुंजाजीला. ये-जा करायला मधलं एक दार राहिलं. दोघा भावांनी लहानपणापासून एकच कळप राखला होता. एक दिवस पुंजाजीनं न विचारता आपल्या वाटच्या मेंढ्या विकून टाकल्या. नामाजी रानातून परतला तेव्हा उरलेल्या मेंढ्या वाघुरीच्या जाळीत एका कोपऱ्याला दाटून उभ्या होत्या. त्यानं कुणाशी भांडण केलं नाही. विटा आणल्या, माती कालवली आणि आपल्या बाजूनं ते दार बुजवून टाकलं. तेव्हा प्रभू शाळेत जात होता. त्यानंतर भाऊ समोरून आला तरी नामाजी वाट बदलत आला होता.

रागिणीनं पोरीला झोळीतून उचललं. पोरीची मान आईच्या खांद्यावर लुळी पडली.

नामाजी तरातरा अंगणात गेला आणि पहार घेऊन आला.

"अवो," कौशल्याबाई पुटपुटली, "विटांच्या मागं जुनं दार हाय. कडी त्यांच्या अंगाला हाय. त्यायनं ती घातली असंल तर?"

"तर दार वाजवीन."

"आन् न्हाईच उघडलं तर?"

"वळसा घालून मागं जाईन आन् पुंजाजीच्या पाया पडंन," नामाजी म्हणाला आणि त्यानं पहार मारली.

विटा मातीतच बसवल्या होत्या. दोन-चार घावांत छातीच्या उंचीची एक वीट हलली. त्यानं ती बोटांनी कोरत, हलवत ओढून काढली. डोळ्यांत घाम उतरत होता. भाऊ काय म्हणेल, हाक मारायची तर काय म्हणून मारायची, काही सुचत नव्हतं. दाराच्या फळीवर थाप मारायला त्यानं भोकात हात घातला.

फळी लागलीच नाही. हात पार कोपरापर्यंत गेला, आणि त्याच्या तोंडावर वारं आलं.

पलीकडून चपला वाजत आल्या. भोकापुढं अंधार झाला.

"हळू, दादा," पुंजाजीचा आवाज आला. "खालून घाव घालू नको, अंगावर येतील. वरच्या विटा मी काढून राहिलो."

पुंजाजी पलीकडून विटा उतरवत गेला, नामाजी अलीकडून. भोक वाढलं तसं परसातलं वारं सरळ घरात शिरलं. पुढच्या दाराचं गोणपाट फडफडून बाहेर उडालं. रागिणीनं पिशवी खाली ठेवली, कूलर बंद केला आणि पोरीला पुन्हा झोळीत घातलं. थोड्या वेळानं कुरकुर थांबली. कौशल्याबाईनं वाकून पाहिलं. लेकरू शांत झोपलं होतं.

विटा कमरेपर्यंत उतरल्या तेव्हा दोघे भाऊ समोरासमोर आले. नामाजीला त्याच्याकडे बघवेना. तो चौकटीवरून हात फिरवत राहिला.

"दार कवा काढून टाकलंस रं?" त्यानं शेवटी विचारलं.

"काढलं न्हाई," पुंजाजी म्हणाला आणि आपल्या बाजूच्या भिंतीला टेकलेलं उघडं दार त्यानं बिजागरीवर किंचित हलवून दाखवलं. "तू विटा रचल्यास तवापासून म्या ते लावलंच न्हाई."