एकोणचाळिसावी पायरी

"पाय ठेवू का, की तुझी पायरी मला दरीत घालणार?" व्हर्ना मावशीनं खालूनच विचारलं.

"ठेव गं. हलली तर आजपासून पहार हातात धरणार नाही," केरिन म्हणाली. म्हणाली खरी, पण पाठीमागे तिनं स्वतःची बोटं घट्ट धरून ठेवली होती.

ऑस्ट्रेलियातल्या फ्लिंडर्सच्या या उघड्याबोडक्या डोंगरांतल्या निम्म्या पायवाटा मावशीनं घातलेल्या. आता तिचे गुडघे गेले होते. वरच्या झऱ्याकाठी तिच्या आईचा तळ असायचा. तिथं ती नऊ वर्षांत पोचली नव्हती. उद्यानाच्या कचेरीला या चढावर लोखंडी शिडी ठोकायची होती. केरिन त्यांच्याशी भांडून आली होती. दगडाच्याच पायऱ्या करते, आमची मावशी चढून दाखवेल. नाही चढली, तर खुशाल ठोका शिडी.

चौसष्ट पायऱ्या. ना सिमेंट, ना कठडा. मावशी प्रत्येक पायरीवर टाच आपटायची, कान देऊन ऐकायची आणि मगच पुढची चढायची. एकोणचाळिसावीवर ती थांबली.

"हे काय गं?"

बाकीचे दगड उन्हानं भाजून काळेतांबडे झालेले होते. हा एकच पांढुरका होता. दगडाची भाजलेली बाजू वर, पोट खाली, हा नियम मावशीनंच घालून दिलेला. वाट कोणी केली हे डोंगराला कळता कामा नये, असं ती म्हणायची. तिच्या हाताखाली शिकलेले सगळे तसंच काम करायचे.

केरिनचा चेहरा उतरला. "पालथा जास्त घट्ट बसत होता. रंगाकडे पाहिलंच नाही मी."

"पोट उघडं टाकून बसलाय निर्लज्ज. उतरताना सरळ कर त्याला."

पुढच्या पंचवीस पायऱ्या तिनं दोनदा बसून घेत चढल्या. झऱ्याशी पोचल्यावर बूट काढले आणि पाय पाण्यात सोडले. केरिनला ओरडावंसं वाटत होतं. शिडी टळली होती. मावशी स्वतःच्या पायांनी वर आली होती, तेही केरिनच्या पायऱ्यांवरून.

तेवढ्यात ॲडलेडकडचं एक जोडपं धापा टाकत वर आलं.

"काय नशीब आहे नाही!" बाई नवऱ्याला म्हणाली. "निसर्गानंच पायऱ्या घडवून ठेवल्यात."

केरिननं हसू कसंबसं दाबलं. मावशीच्या हिशेबी याहून मोठी शाबासकी नव्हती. तिनं मोठ्या अपेक्षेनं मावशीकडे पाहिलं. मावशी हसत नव्हती.

"हो का," एवढंच म्हणून ती बूट घालायला लागली.

उतरताना एकोणचाळिसावीशी केरिननं पहार सरसावली.

"राहू दे," मावशी म्हणाली.

"अगं, नियम तुझाच ना?"

"माझाच. तीस वर्षं पाळला. म्हणून तर सगळं कौतुक डोंगर खाऊन बसलाय." तिनं पांढुरक्या दगडावरून हात फिरवला. "हा काळा पडायला किती वर्षं लागतील?"

"हजारो लागतात म्हणे."

"बरं झालं."

मावशी त्या दगडावर दोन्ही पाय रोवून उभी राहिली. दगड जागचा हलला नाही. मग तिनं झऱ्याकडे तोंड केलं आणि अख्ख्या घळीला ऐकू जाईल अशी हाक मारली.

"ओ बाई! निसर्गानं नाही, माझ्या भाचीनं! चौसष्टच्या चौसष्ट!"