आशालताबाईंचा उतार

दोरी भामाच्या हातातून निसटली, तेव्हा आशालताबाई स्केटबोर्डवर मांडी घालून बसल्या होत्या. वय एकाहत्तर. समोर नवीन पनवेलचा उताराचा रस्ता.

बोर्ड त्यांच्या मुलाचा. सत्यजीत त्र्याण्णव साली कंपनीच्या ट्रेनिंगला अमेरिकेत गेला, तेव्हा त्यानं तो आणला होता. तिकडच्या एका नावाजलेल्या खेळाडूनं त्याआधी पंधरा वर्षं तो स्पर्धांमध्ये चालवला होता. कडा झिजल्या होत्या, पोटावर त्याची सही होती. सत्यजीतनं बोर्ड काचेच्या शोकेसमध्ये ठेवला. शेजारी बघायला यायचे. "ब्रेक कुठे असतो?" असं एकानं विचारलं, तर सत्यजीत अभिमानानं म्हणाला, "नसतो."

वर्षभरापूर्वी आशालताबाई बाथरूममध्ये पडल्या. हाड सांधलं. डॉक्टर म्हणाले, हळूहळू चालवा. पण सत्यजीत घाबरला होता. त्यानं आईला उंबरा ओलांडू दिला नाही.

त्या शनिवारी धुणीभांडी आटोपून भामा कोन गावाला घरी निघाली होती. आशालताबाईंनी तिला थांबवलं आणि शोकेसकडे बोट दाखवलं.

"फक्त गेटपर्यंत."

भामानं कपडे वाळत घालायची दोरी बोर्डाला मागून बांधली. "मी धरलीय, बाई. भ्यायचं नाय," ती म्हणाली.

गेटपर्यंत तिनं खरंच धरली होती.

रेशनच्या रांगेनं दुभंगून वाट दिली. मागून रिक्षावाल्यानं हॉर्न वाजवला, तर आशालताबाईंनी हात दाखवून त्याला पुढे जाऊ दिलं. गॅलरीतून शेजारची सत्यवती ओरडली, "अहो, निघालात कुठे?"

"आलेच!" म्हणत त्या निघून गेल्या.

हाफ डे संपवून सत्यजीत बसमधून उतरत होता. समोरून आई आली आणि पोस्टापाशी थांबली. तो धावला.

"आई! त्यावर पाय ठेवायचा नाही, सांगितलं होतं ना?"

"पाय कुठे ठेवलाय? बसलेय."

"पडली असतीस म्हणजे?" तो रस्त्यावरच गुडघे टेकून बसला. "एकटी कुठे निघाली होतीस?"

"कुठे नाही रे. उतार संपला म्हणून थांबले."

तिचा अंबाडा सुटला होता. गाल लाल झाले होते. धापा टाकत ती हसत होती. मागून भामा रडत, पदर सावरत धावत येत होती.

सत्यजीतनं दोरी उचलली आणि मनगटाला दोन वेढे घेतले.

"पोस्टाच्या पलीकडे आणखी एक उतार आहे," तो म्हणाला.