डावा हात

"दुखलं तर डावा हात वर करा, मी लगेच थांबेन," दातांच्या डॉक्टर म्हणाल्या, आणि रंगाऱ्याने तोंड उघडायच्या आधीच हात वर केला.

बायकोने कपाळाला हात लावला. उंच इमारतींवर स्वतःला दोरीने टांगून घेऊन भिंती रंगवणारा हा माणूस, पण या खुर्चीत बसला की अवसान गळालंच. याआधी दोनदा तो इथूनच पळाला होता.

महिनाभर डावा जबडा ठणकत होता. शिडी चढला की कळ यायची, खाली येऊन टेकला की निवायची. कामं हातची जात होती. रात्री तो भिंतीला पाठ लावून बसायचा आणि तिच्याही डोळ्याला डोळा लागायचा नाही. आज हा उठून गेला तर पुन्हा यायचा नाही, आणि त्याला परत ओढून आणायचं त्राण तिच्यात उरलं नव्हतं.

"एक्स-रे फोटोत काही दिसत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "पण दाढेवर जुनी टोपी बसवलेली आहे. तिच्याखाली दाढ किडली असणार."

इंजेक्शन झालं. रंगारी घामाने निथळला.

"भीतीनं होतं असं. धडधडतं, मळमळतं, हातपाय गार पडतात. घाबरू नका."

दाढेला चिमटा लागला, हात वर. डॉक्टर थांबल्या. पुन्हा लागला, पुन्हा हात वर.

"दाढ दुखतेय?"

त्याने मान हलवली. नाही.

"मग हात कशाला वर करताय?" बायको म्हणाली. "अहो, शोभतं का हे? लहान पोरं बरी तुमच्यापेक्षा."

तोंडात कापूस. तो काय बोलणार? तिने स्टूल ओढलं, त्याचा हात दोन्ही हातांनी खुर्चीच्या दांडीवर दाबून धरला.

"तुम्ही काढा, डॉक्टर. यांच्याकडं बघत बसलात तर जन्मात निघायची नाही."

हात झटके देत होता. तिने सोडला नाही. तिला रडू येत होतं, त्याची कीवही येत होती आणि रागही. "झालंच हं," ती म्हणत राहिली. "एवढं सोसा, मग सुटलात."

हळूहळू त्याची मूठ सैल पडली. धरला बाई एकदाचा धीर, असं वाटून तिला हायसं झालं.

डॉक्टरांनी दाढ दिव्याखाली उलटसुलट करून पाहिली. टोपी निघून आली होती.

"कमाल आहे. कुठंच कीड नाही. दाढ तर ठणठणीत आहे." त्यांची नजर त्याच्या चेहऱ्यावर गेली. "सोडा आता त्यांचा हात."

तिने सोडला. हात दांडीवरून घसरला आणि खाली लोंबकळत राहिला.