सासूबाईंची टोपली

सुनेच्या हातातली काडी मोडली आणि तिच्या अंगठ्यावर पांढरा थेंब आला.

ती थबकली. घोळीच्या काडीतून पाणी येतं, दूध येत नाही. तिने थेंब बोटांत चोळला. चिकट होता. टोपलीतून आणखी एक मूठ काढून ती खिडकीशी गेली आणि काडी न् काडी मोडून पाहू लागली. अठरा साध्या निघाल्या. एकोणिसावीतून पुन्हा दूध आलं. पानं तशीच बारीक, देठ तसाच लालसर. पण हे घोळीत गुंतून वाढणारं दुसरंच तण होतं. पोटात गेलं की आतडी पिळून काढणारं.

टोपलीतली अर्ध्याहून जास्त भाजी पातेल्यात शिजत होती. आणि टोपली सासूबाईंनी भरलेली होती.

बस डेपोच्या कँटीनमध्ये दोघी सासू-सुना स्वयंपाकाला होत्या. आठवड्यातून एकदा त्या कालव्याच्या काठावरून आपापली टोपली भरून रानभाजी आणायच्या. त्या दिवशी ड्रायव्हर-कंडक्टर घरचे डबे उघडायचेसुद्धा नाहीत. सासूबाईंना सगळा डेपो 'पानमास्तर' म्हणायचा. त्यांनी निवडलेल्या भाजीत आजवर कुणाला चुकीचं पान सापडलं नव्हतं. आज डेपो मॅनेजरांचा नोकरीतला शेवटचा दिवस होता आणि निरोपाच्या जेवणात त्यांनी मुद्दाम घोळीची भाजी मागितली होती.

सुनेने जाऊन गॅस बंद केला.

"अहो वहिनी, हे काय करताय?" हाताखालचा आचारी ओरडला. "साडेबाराला माणसं येतील!"

"भाजीत दुसरं तण मिसळलंय."

"किती?"

"दोन काड्या सापडल्या. आत किती गेल्या, कुणाला ठाऊक."

"दोन काड्यांनी कोण मरतंय! आणि ही मावशींची टोपली आहे. मावशींची चूक तुम्ही काढणार?"

सुनेने खिडकीबाहेर पाहिलं. आवारात बसगाड्या ओळीने उभ्या होत्या. जेवण झालं की एकेक गाडी बाहेर पडणार होती, ड्रायव्हरच्या मागे पन्नास-पन्नास माणसं घेऊन. तिने पातेल्यावर झाकण ठेवलं आणि शेगडीसमोर उभी राहिली.

सासूबाई पदराला हात पुसत आत आल्या. "गॅस कुणी बंद केला?"

"मी, आई." आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही. "पातेलं ओतून द्यावं लागेल."

वाढायच्या खिडकीपाशी चहाचे ग्लास घेऊन उभे असलेले तिघे-चौघे ड्रायव्हर वळून आत बघू लागले.

"कुणाची टोपली?"

"तुमची."

तिने काडी पुढे केली. सासूबाईंनी ती डोळ्यांजवळ नेली. मग हात लांब करून पाहिली. मग पुन्हा जवळ आणली. शेवटी त्यांनी पाहायचं सोडून दिलं, काडी मोडली आणि दोन बोटांत चोळली. बोटं एकमेकांना चिकटली.

"हे मला दिसलंच नाही गं," त्या हळूच म्हणाल्या. मग पदर खोचून म्हणाल्या, "चल. तिकडून धर."

दोघींनी पातेलं उचलून मागच्या खड्ड्यात ओतलं. लसणाचा वास सुटलेली वाफ वर आली. आचाऱ्याने कपाळाला हात लावला. "आता साठ माणसांना काय वाढायचं? दगड?"

"हिची टोपली आहे की."

"ती दुसऱ्या पाळीची आहे!"

"दुसऱ्या पाळीला डाळ कर."

सात वर्षं सुनेने आणलेली भाजी सासूबाई परातीत पसरून स्वतः तपासायच्या. त्याशिवाय ती धुवायलासुद्धा जायची नाही. सवयीने सुनेने परात पुढे सरकवली. सासूबाईंनी ती बाजूला केली, टोपली उचलली आणि सगळी भाजी सरळ पाण्यात पालथी केली.

"आई, तुम्ही बघितली नाही."

"तू बघितलीस ना?"

"हो. दोनदा."

"मग लसूण सोल. माझ्या तोंडाकडे काय बघतेस?"

जेवण पंधरा मिनिटं उशिरा लागलं. मॅनेजरांनी पहिला घास घेतला, दुसरा घेतला, आणि मग म्हणाले, "पानमास्तर, घरी बसल्यावर मला पगाराची नाही, पण तुमच्या हाताची आठवण येणार."

"आजचा हात माझा नाही, साहेब." सासूबाई खणखणीत बोलल्या, शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेलं. "माझी भाजी हिने ओतायला लावली. माझ्या टोपलीत भलतंच तण आलं होतं. मला कळलं नाही, हिला कळलं."

एका कंडक्टरचा घास तोंडाशीच थांबला.

"खा रे, खा! ही हिची आहे," सासूबाई म्हणाल्या आणि सगळे हसले. सून डाव हातात धरून खाली बघत राहिली. तिचे कान लाल झाले होते.

मॅनेजरही हसले. "इतक्या थाटात स्वतःची चूक सांगणारं माणूस मी आजच पाहिलं, मावशी."

"चूक माझीच, साहेब," मान ताठ करून त्या म्हणाल्या. "पण ती पकडणारीही मीच तयार केलीय."

त्यांनी एक ताट घेतलं आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्या ड्रायव्हरांच्या बाकावर, दोघांच्या मध्ये जाऊन बसल्या.

"वाढ गं," त्यांनी हाक मारली. सुनेने वाढलं. ताटाकडे न बघताच सासूबाईंनी पहिला घास घेतला.