पाईपवरचे ठोके

शवपेटी जिन्याच्या वळणावर आली आणि खालच्या मजल्यावरून पाईपवर ठोके पडायला लागले. ठण्, ठण्, ठण्. घरं गरम ठेवणारा तो लोखंडी पाईप सगळ्या मजल्यांमधून उभा गेलेला. एकानं वाजवला की अख्ख्या इमारतीला ऐकू जातो.

"आज तरी गप बस की रे मेल्या!" शेजारची क्लावामावशी कठड्यावरून खाली ओरडली. "माणूस गेला तरी तुझी खोड जाईना!"

"असू दे मावशी," आग्निया म्हणाली. "आजचाच दिवस."

पेटीत तिचा नवरा होता, वेनियामिन क्रुग्लोव, सगळ्यांचा वेन्या. आमच्या पेर्म शहराच्या ऑपेरात उभा जन्म गायला. आवाज भरदार, मधल्या पट्टीतला. बापांचा, खलनायकांचा, फसवल्या गेलेल्या नवऱ्यांचा आवाज. टाळ्या घेऊन जाणार उंच पट्टीतला नायक, हा बाजूला उभा. त्यातही वेन्या दुसऱ्या फळीतला. पहिल्याचा घसा बसला तरच याचं नाव दाराबाहेर लागायचं. गायचा मात्र असा, की शेवटच्या रांगेतल्या बायका रुमाल शोधायच्या आणि बाहेर पडताना विचारायच्या, "कोण होता हो तो?"

आमच्याकडे कलावंताला टाळ्यांच्या गजरात निरोप देतात. थिएटरच्या दारातून पेटी निघते, रस्त्यावरचे लोकसुद्धा टोप्या काढून टाळ्या वाजवतात. पण तो मान मोठ्यांचा. वेन्यासाठी थिएटरनं एक फुलांचं चक्र आणि पेटी उचलायला चार पडदे ओढणारे गडी पाठवले. बाकी मंडळी तालमीत. गड्यांचे हात पेटीला. शेजारीपाजारी टोप्या हातात धरून भिंतीला चिकटून उभे, मढ्यापुढं टाळ्या कसल्या वाजवायच्या म्हणून गप्प. आग्नियाला देवाकडं एवढंच मागायचं होतं, कुणीतरी टाळी वाजवावी. पण मागून घेतलेली टाळी ती कसली टाळी? आणि बायकोनं वाजवलेली कोण धरतो?

टाळ्या नाहीत ते नाहीत, वर हे ठोके.

याच ठोक्यांनी त्याचं गाणं खाल्लं होतं. खाली येफिम सावेलिच राहायचा. युद्धातून एक हात गमावून आलेला, पुढं पायही अधू झाले, तेव्हापासून दाराबाहेर नाही. "हाताबरोबर माणुसकीही ठेवून आला तिकडं," क्लावामावशी म्हणायची. वेन्या घरी रियाजाला बसायचा. लेक गमावलेल्या बापाचं एक गाणं होतं, ते त्याचा जीव की प्राण. त्याचा शेवटचा सूर संपला रे संपला की खालून ठण् ठण् ठण्. वेन्या तोंडावर हात ठेवायचा, चोरी पकडल्यासारखा.

"खाली जाऊन भांड तरी!" आग्निया चिडायची.

"लढाईतून आलेल्या माणसाशी काय भांडायचं, आग्न्युशा? कान दुखत असतील बिचाऱ्याचे."

मग तो कपाटात शिरून, हिवाळी कोटांत तोंड खुपसून गायला लागला. ठोके उलट वाढलेच. लेनिनग्राडच्या एका मोठ्या थिएटरनं आवाज ऐकायला बोलावलं, तेव्हा हा म्हणाला, "खालच्या एकाला सोसवत नाही, अख्ख्या लेनिनग्राडचा छळ कशाला?" गेलाच नाही. पुढं घरातलं गाणंही थांबलं.

पेटी येफिमच्या दारापाशी पोचली. ठोके चालूच. आग्नियानं इतकी वर्षं दाबून ठेवलेलं सगळं उसळून वर आलं. तिनं दार ढकललं.

म्हातारा पाईपला खेटून स्टुलावर बसला होता. अंगात पदकं लावलेला कोट, उजवी बाही मुडपून टाचलेली. डाव्या हातात जेवणाचा चमचा. गाल ओले.

"बंद करा!" ती ओरडली. "मेला तो! आता कुणाला गप्प करताय?"

"गप्प?" म्हातारा तिच्याकडं बघतच राहिला. "अहो बाई, इतका मोठा गवई, त्याला टाळ्यांशिवाय जाऊ देऊ? आणि मला दुसरा हात कुठाय वाजवायला?"

 जिन्यात क्लावामावशीनं शालीत तोंड लपवलं.

"पहिल्यापासून वाजवतोय मी," तो म्हणाला. "पुढं पुढं त्याचा आवाज बारीक व्हायला लागला. म्हटलं, खचला बिचारा, कुणी शाबासकी देत नसेल. म्हणून आणखी जोरात वाजवायचो, धीर यावा म्हणून. मग गाणंच बंद झालं. तरी रोज इथं येऊन बसायचो, कान लावून." त्यानं चमच्याच्याच हातानं नाक पुसलं. "त्याला ऐकू जायचं ना हो?"

आग्नियाला ते कपाट आठवलं. कोटांतून येणारा तो घुसमटलेला सूर आठवला. लेनिनग्राड आठवलं. सगळं अगदी ओठांवर आलं होतं. म्हातारा चमचा धरून तिच्या तोंडाकडं बघत होता.

ती त्याच्यापुढं गुडघ्यांवर बसली.

"न जायला काय झालं?" ती म्हणाली. "तुम्ही वाजवलंत की दर वेळी पाईपसमोर उभा राहायचा तो, छातीवर हात ठेवून. आणि वाकायचा."