तीन बोटं

खंडेनवमीची पूजा मांडून झाली, तरी संयोगिताचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. तिरंदाजीच्या स्पर्धेचा फॉर्म संध्याकाळच्या आत साताऱ्याला सरांकडे पोचवायचा होता आणि त्यातली एक खूण करायची राहिली होती. धनुष्याची दोरी बोटांनी ओढणार, की रिलीज वापरणार?

"बोटांना सारख्या मुंग्या येतायत तुझ्या," सर म्हणाले होते. "रिलीज मनगटाला बांध, दोरी त्यात अडकव, बटण दाबलं की बाण सुटतो." त्यांनी दिलेला जुना रिलीज आठवडाभर तिच्या बॅगेच्या तळाशी पडून होता. घरात सांगायची सोय नव्हती. फौजेतून निवृत्त झालेले तिचे वडील, आप्पा, एकच बोलायचे, "बटणानंच मारायचं तर बंदूक घ्यावी की!"

कोयता, खुरपं, धनुष्य, सगळ्यांना हळदकुंकू लावून आप्पा तिच्याकडे वळले.

"संयू, उजवा हात फुडं कर आन् डोळं मीट. तुझी खरी हत्यारं ही तीन बोटं. त्यांची बी पूजा झाली पायजे."

तिनं डोळे मिटले. पायाचा अंगठा मात्र फरशीवर घासतच राहिला.

"झालं," आप्पा म्हणाले.

"आवं आप्पा, मधल्या बोटाला लावलंच न्हाई तुमी."

तिनं डोळे उघडले. तिन्ही बोटं लालभडक होती.

आप्पांनी तिचं मधलं बोट चिमटीत धरून दाबलं आणि तिच्या तोंडाकडं बघत राहिले.

"तुझ्या बॅगेत बघितलंय म्या, ते यंत्र आण," शेवटी ते म्हणाले. "त्याची पूजा ऱ्हायलीया."